पेंढ्या मोजू नका, वजन करा: छोट्या गोठ्यासाठी कडबा साठवणं, कापणं आणि घालणं

परवा एका ओळखीतल्या पोराचा फोन आला, नवीनच दोन गाई घेतल्यात त्यानं. म्हणाला, दादा, एका गाईला दिवसाला किती पेंढ्या टाकू? मी म्हणलं, तुझी पेंढी किती किलोची भरते? तर गप्प. मग म्हणाला, पेंढी म्हणजे पेंढी ना. तर सगळा घोळ इथंच आहे. आपण पेंड तोलून घेतो, दूध तर मिलीपर्यंत मापतो, फॅटच्या पॉइंटवरून डेअरीत भांडतो, आणि गाईच्या पोटात जी सगळ्यात जास्त वस्तू जाते ती वाळली वैरण मात्र हाताला येईल तशी उचलून दावणीत फेकतो.

मी काय डॉक्टर नाही. दोन जर्सी क्रॉस गाई, एक पंढरपुरी म्हैस, एक कालवड आणि चार शेळ्या एवढाच बारदाना आहे, गाव सोलापूरकडचं, म्हणजे मालदांडी ज्वारीचा पट्टा. वैरण कडब्याचीच, म्हणजे कणसं काढून वाळवलेल्या ज्वारीच्या ताटांची, आणि त्याची बांधलेली जुडी म्हणजे पेंढी. चुका करून करून जे जमलंय ते क्रमानं लिहितोय, ज्यांच्याकडं दोन ते पाच जनावरं आहेत त्यांना उपयोग होईल. मोठ्या गोठ्यावाल्यांचं गणित वेगळं असतं, त्यांनी मुरघास (हवाबंद मुरवलेला हिरवा चारा) बिरघास बघावा.

आधी गणित, मग खरेदी

दुभतं जनावर दिवसाला त्याच्या वजनाच्या साधारण अडीच ते तीन टक्के कोरडा भाग खातं. कोरडा भाग म्हणजे चाऱ्यातलं पाणी सोडून जे उरतं ते. कडब्यात पाणी फार तर दहा टक्के असतं, हिरव्या मक्यात किंवा हत्ती गवतात पाऊण भागाच्या वर पाणीच असतं, म्हणून हिरव्याचा मोठा भारा टाकला तरी गाय तासाभरात परत दावणीकडं बघत बसते आणि आपल्याला वाटतं हिला खादाडपणा लागलाय.

आता ४०० किलोची गाय धरा, १० लिटर दूध देणारी. तीन टक्क्यांनी १२ किलो कोरडा भाग झाला. यातला एक तृतीयांश पेंड-भरड्यातून म्हणजे ४ किलो, उरलेले ८ किलो वैरणीतून. या आठातला परत एक तृतीयांश हिरव्यातून आला पाहिजे, म्हणजे पावणेतीन किलोच्या आसपास, त्याचा हिरवा चारा होतो तेरा-चौदा किलो. राहिले सव्वापाच किलो, ते कडब्यातून. कडब्यातलं थोडं पाणी धरून सहा किलो कडबा. बास, एवढंच आहे. म्हशीला थोडं जास्त, साडेसहा-सात धरा. कालवडीला तीन.

माझ्या गोठ्याचं धरलं तर दोन गाई १२, म्हैस ७, कालवड ३, म्हणजे दिवसाला २२ किलो. डिसेंबर ते जून सात महिने हा पूर्ण डोस चालतो, म्हणजे २१० दिवस गुणिले २२ बरोबर ४६२० किलो. पावसाळ्यात आणि दिवाळीपर्यंत बांधाचं गवत, मका मिळतो म्हणून कडबा निम्म्यावर येतो, दिवसाला १० किलो धरून १५० दिवसांचे १५०० किलो. एकूण ६१२० झाले. त्यात नासधूस, उंदीर, वरचा भिजलेला थर असं धरून दहा टक्के वाढवायचे, म्हणजे पावणेसात टन.

आणि इथं पेंढीचं वजन लागतं. गंजीच्या, म्हणजे रचलेल्या ढिगाच्या, वरनं, मधनं, खालनं अशा दहा पेंढ्या काढायच्या, काट्याला लावायच्या आणि दहानं भागायचं. माझ्या यंदाच्या दहा पेंढ्या २२ किलो भरल्या, म्हणजे सरासरी २.२ किलो, म्हणजे वर्षाला साधारण ३१ शेकडे लागणार. गेल्या साली शेजारच्या गावातनं आणलेल्या पेंढ्या दीड किलोच्याच होत्या, तेवढ्याच शेकड्यांत माझी वैरण वर्ष संपायच्या कितीतरी आधीच संपली असती.

घेताना काय बघायचं

भाव शेकड्यावर ठरतो आणि आपण शेकड्यावरच फसतो. समजा एकजण २००० रुपये शेकडा म्हणतोय आणि त्याची पेंढी १.६ किलोची आहे, दुसरा २४०० म्हणतोय आणि पेंढी २.४ किलोची. पहिल्याचा कडबा साडेबारा रुपये किलो पडला, दुसऱ्याचा दहा रुपये. महाग वाटतो तोच स्वस्त. मी ताणकाटा गाडीतच ठेवतो, माणसं हसतात, हसू द्या.

पण नुसतं वजन बघूनही चालत नाही हो, कारण आपल्याकडं रब्बी ज्वारी कापत नाहीत, उपटतात, आणि मुळीला मातीचा गड्डा तसाच राहतो. ती माती पण तुम्ही वैरणीच्या भावानं घेताय. पेंढी बुडख्यावर आपटून बघायची, भसाभस माती पडली तर तेवढं वजन कमी धरून भाव करायचा.

मग पानं बघायची. ताटाला पानं किती टिकलीत हे महत्त्वाचं, जनावर आधी पानच खातं, पोषणही पानातच जास्त. रंग पिवळसर हिरवट पाहिजे. काळे डाग पडलेला, बोटानं चोळला की काळी भुकटी हाताला लागणारा कडबा पावसात सापडलेला असतो, खरिपाच्या ज्वारीचा बहुतेक असाच निघतो कारण ती काढायच्या वेळेलाच परतीचा पाऊस असतो. स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नका. घ्यायचाच झाला तर थोडा, आणि लगेच संपवायचा, गंज घालून ठेवायचा नाही. वास घ्यायचा, चांगल्या कडब्याला एक गोडसर वास येतो, कुबट आला की विषय संपला. आणि एक ताट मोडून चावून बघा, मालदांडीचं ताट वाळल्यावरही जरा गोड लागतं, जनावरं या कडब्यावर का तुटून पडतात ते कळेल. मालदांडी म्हणजे मोहोळला निवडलेली जुनी जात, धान्य आणि कडबा दोन्ही देणारी. राहुरीच्या विद्यापीठाची फुले वसुधा, परभणीची परभणी मोती या जातीही आता लोक लावतात.

एक गोष्ट दुष्काळी वर्षाची. पाण्याअभावी खुरटलेल्या कोवळ्या ज्वारीत सायनाइडचं विष असतं हे सगळ्यांना माहीत आहे, कोवळी ज्वारी गाईला लागते म्हणतात ते हेच. ते विष चारा नीट वाळला की बरंचसं निघून जातं. पण ताण पडलेल्या आणि युरिया भरपूर टाकलेल्या पिकात नायट्रेट साठतं, ते वाळल्यावर जात नाही, कडब्यात तसंच राहतं आणि ते बुडख्याकडं जास्त असतं. असल्या रानातला कडबा मिळाला तर खालचा वीतभर बुडखा तोडून टाकायचा, दुसऱ्या चाऱ्यात मिसळून थोडा थोडाच घालायचा, उपाशी जनावराला तर अजिबात नाही.

गंज घालणे

माझं सगळ्यात मोठं नुकसान इथं झालंय. पहिल्या वर्षी सपाट जमिनीवर, खाली नुसती ताडपत्री अंथरून कडबा रचला आणि वरून दुसरी ताडपत्री घट्ट गुंडाळून बांधली, मला वाटलं आता थेंब शिरणार नाही. दिवाळीत उघडली तर खालचे दोन थर काळे आणि वरचा ताडपत्रीला चिकटलेला थर बुरशीनं पांढरा. पाऊस आत गेलाच नव्हता. जमिनीची ओल वर चढली होती आणि आतली वाफ ताडपत्रीला लागून परत कडब्यावर ठिबकली होती. चारशेच्या वर पेंढ्या उकिरड्यावर गेल्या, आईनं आठ दिवस माझ्याशी धड बोलणं केलं नाही.

तेव्हा असं करा. जागा उंचवट्याची, पाणी न साचणारी. खाली दगडं मांडून त्यावर जुनी लाकडं किंवा तुराट्यांचा जाड थर, म्हणजे हवा खालनं खेळती राहते. लाकूड जमिनीला टेकलं की वाळवी लागते म्हणून दगडावरच भार येईल असं बघा. पेंढ्या रचताना शेंडे आत, बुडखे बाहेर. बुडखा टणक, त्याला ऊन-पाऊस फारसा लागत नाही, पानाचा भाग आत सुरक्षित. मधला भाग सतत थोडा उंच ठेवत न्यायचं म्हणजे बाहेरच्या पेंढ्या बाहेरच्या अंगाला किंचित उतरत्या राहतात आणि त्यावर पडलेलं पाणी आत न जाता बाहेर गळतं. शेवटी घराच्या आढ्यासारखा निमुळता माथा काढायचा. जुनी माणसं माथ्यावर उसाचं पाचट घालून वर दोरानं दगडं लोंबकळत ठेवायची, ती पद्धत अजून बेस्ट आहे. ताडपत्रीच घालायची तर माथ्यावर दोन-तीन बांबू आडवे ठेवून त्यावर टाका, म्हणजे कडबा आणि ताडपत्रीत वीतभर पोकळी राहील, आणि बाजू मोकळ्या सोडा.

रचायच्या आधी कडबा वाळलाय का ते बघायचंच. ताट मोडल्यावर कट्टकन आवाज आला पाहिजे, नुसतं वाकलं तर अजून चार दिवस बुचाडात, म्हणजे पेंढ्या एकमेकींना टेकवून, उभा राहू द्या. बारीक गवत किंवा लसूण घासासाठी एक सोपी टेस्ट आहे, कोरड्या काचेच्या बरणीत मूठभर कापलेलं गवत आणि चमचाभर कोरडं मीठ घालून झाकण लावून दोन-तीन मिनिटं हलवायचं. मीठ मोकळं राहिलं तर ओलावा १५ टक्क्यांच्या आत आहे, रचायला हरकत नाही. मिठाचे गोळे झाले तर परत उन्हात.

ओला माल रचला की नुसती बुरशीच येते असं नाही, आतून तापतो पण. नवीन गंज घातल्यावर पंधरा दिवस अधूनमधून लोखंडी पहार आत खुपसून दहा मिनिटांनी काढून हात लावून बघायचं. कोमट असली तर लक्ष ठेवा. हात ठेववत नाही इतकी गरम लागली तर अंदाज बांधत बसू नका, गंज मोडा, पण पाणी जवळ ठेवून, कारण आतून पेटलेल्या गंजीला उघडल्यावर हवा मिळते. आणि गंज घरापासून, चुलीपासून, विजेच्या तारेपासून लांब. गावात दर उन्हाळ्यात एक तरी गंज जळते आणि दर वेळेला कारण कळत नाही म्हणतात, वर बघितलं तर तारा लोंबत असतात.

कुट्टी

अख्खी पेंढी सोडून टाकली की गाय पानं ओरबाडते, शेंडे खाते आणि ताटं पायाखाली घेते. मी एकदा आठवडाभर दावणीतली उरलेली चघळ रोज सकाळी गोळा करून तोलली, सहा किलोतले दोन किलो नुसते पायाखाली जात होते. तिसरा हिस्सा! ज्या दिवशी हा हिशोब केला त्याच्या पुढच्या महिन्यात कुट्टी मशीन, म्हणजे कडब्याचे तुकडे करणारं यंत्र, आणलं. दोन एचपीचं, सिंगल फेजवर चालणारं पुरतं आपल्याला. नसेल परवडत तर दोन-तीन घरांत मिळून घ्या.

कापायचं माप एक ते अडीच सेंटिमीटर. इथं लोक उलटी चूक करतात, जितकं बारीक तितकं चांगलं असं समजून पार भुगा करतात. तसं नको. गाईनं रवंथ करायला पोटात जाडाभरडा चारा लागतो, रवंथ करताना जी लाळ गिळली जाते ती पोटातलं आम्ल मारते, आणि दुधाचं फॅटही या धाग्याच्या पचनातूनच येतं. भुगा घातला की रवंथ कमी, फॅट खाली. डेअरीत फॅट उतरलं की आपण सरकी पेंड वाढवतो, खरं तर आधी मशीनचं पातं बघायला पाहिजे.

मशीनजवळ उपरणं, पदर, सैल बाही काही नको. आणि हातानं ढकलायचं नाही, पेंढीनं पेंढी ढकलायची. पोरांना मशीनपासून लांबच ठेवा. पेंढीचा आळा सोडताना त्यात तार, खिळा, प्लॅस्टिकची सुतळी आहे का बघा, यंत्रानं बांधलेले गठ्ठे विकत घेतले असतील तर जास्तच. कुट्टीत तारेचा तुकडा गेला तर गाय तो निवडून टाकत नाही, गिळते, आणि तो जाळीपोटातून आरपार काळजाकडं जातो. माझ्या मशीनच्या तोंडापाशी जुन्या स्पीकरचा लोहचुंबक बांधलाय, त्याला आजवर तीन खिळे चिकटलेत.

कुट्टी दोन-तीन दिवसांचीच करून ठेवा. मोठी वेताची पाटी एकदा भरून तोलून घ्या, माझी दाबून भरली की तीन किलो भरते, म्हणजे गाईला दिवसाच्या दोन पाट्या. मग रोज काटा लागत नाही, घरातलं कुणीही घालू शकतं.

रोजचं घालणं

माझा क्रम असा आहे. पहाटे धारेच्या आधी अर्धी पाटी कुट्टी. उपाशी पोटी एकदम आंबोण (भिजवलेली पेंड-भरडा) घालू नका, पोटात आम्ल वाढतं आणि गाय खाण्यावरून उतरते. मग धारेला आंबोण. गाईला दर लिटर दुधाला साधारण ४०० ग्रॅम, म्हशीला ५०० ग्रॅम हा पेंडीचा ठोकताळा, त्यात दिवसाला ५० ग्रॅम मिनरल मिक्स्चर आणि ३० ग्रॅम मीठ. धारेनंतर हिरवं आणि अर्धी पाटी कुट्टी कालवून. हिरवं वेगळं आणि वाळलं वेगळं दिलं की गाय हिरवं संपवून वाळल्याला तोंड लावत नाही, आपल्या पोरांनी भाजी सोडून पापड खावेत तसं. कालवलं की सगळं जातं. संध्याकाळी धारेनंतर उरलेली एक पाटी, म्हणजे निम्मा कडबा रात्रीचा, जनावर निवांत बसून रवंथ करतं.

एप्रिल-मेमध्ये यात बदल. वाळल्या वैरणीच्या पचनात अंगात उष्णता तयार होते, म्हणून दुपारच्या टळटळीत उन्हात कडबा घालून गाईला धापा टाकायला लावू नका. सकाळी आठच्या आत आणि सूर्य मावळल्यावर. कुट्टी फार धुरळते म्हणून मी मिठाचं पाणी शिंपडतो, पाटीला अर्धा-एक लिटर, त्यानं चवही येते. पण ओली केलेली कुट्टी त्याच वेळेला संपली पाहिजे, सकाळची ओली संध्याकाळी घातली तर आंबलेली असते.

पाणी! कोरड्या चाऱ्याच्या दर किलोमागं तीन-चार लिटर पाणी लागतं, वर दुधाचं वेगळं. दुभत्या गाईला दिवसाला साठ-सत्तर लिटर सहज, उन्हाळ्यात त्याच्याही वर. दिवसातून दोनदा बादली दाखवून हे भागत नाही. कडबा भरपूर आणि पाणी कमी पडलं तर पोट गच्च होतं, शेण लेंड्यांसारखं सुकं पडतं, गाय कण्हत बसते. तसं दिसलं तर घरगुती काढे करत बसू नका, १९६२ ला फोन लावा, सरकारी फिरता दवाखाना त्या नंबरवर मिळतो.

चारा बदलायचा तर हळूहळू. पोटातल्या जिवाणूंना नवीन चाऱ्याची सवय व्हायला दहा-पंधरा दिवस लागतात. पहिला पाऊस पडून बांध हिरवे झाले की लोक दुसऱ्याच दिवसापासून कडबा बंद करतात आणि मग पातळ शेण, पोटफुगी, दूध कमी अशी रांग लागते. उलट त्या दिवसांत तर सकाळी चरायला सोडायच्या आधी एक पाटी कुट्टी घालाच.

कडब्यात जे नाही ते

कडबा पोट भरतो आणि बऱ्यापैकी ताकद देतो, पण प्रोटीन त्यात जेमतेम तीन-चार टक्के. त्यामुळं नुसत्या कडब्यावर गाय जगते, दूध देत नाही. गव्हाचं काड आणि भाताचा पेंढा याहून हलके. कोकणात उडवी रचून वर्षभर पेंढाच घालतात, त्यात वाळूसारखी सिलिका जास्त आणि त्यातली ऑक्झलेटं चाऱ्यातलं कॅल्शियम बांधून ठेवतात, म्हणून पेंढ्यावरच्या जनावराला मिनरल मिक्स्चर चुकवू नये. उसाच्या वाढ्यांचं (शेंड्याकडच्या हिरव्या पाल्याचं) पण तेच, आमच्या पलीकडं साखर कारखान्याच्या पट्ट्यात सहा महिने वाढ्यावरच काढतात आणि मग गाई उठेनात अशी रड असते. बुरशीचा पेंढा म्हशीला घातला तर शेपटीचा गोंडा, कान, खुरं सडायला लागतात, हे लक्षात ठेवा.

डाळवर्गाचं भुसकट मात्र कामाचं. तुरीचं, हरभऱ्याचं भुसकट, विदर्भात कुटार म्हणतात ते, आणि भुईमुगाचा वाळला पाला. भुईमुगाचा पाला यातला राजा, प्रोटीन कडब्याच्या दुपटीच्या वर. सोयाबीनची गुळी चालते पण जाड काड्या टोचतात, एकटी घालू नका. मी कडब्याच्या कुट्टीत चौथा हिस्सा भुसकट मिसळतो, पेंड थोडी वाचते.

युरिया प्रक्रिया, पण डोकं ठिकाणावर ठेवून

हिरवं मिळतच नसेल तर पेंढा, गव्हाचं काड किंवा निकृष्ट कडबा यावर युरियाची प्रक्रिया करता येते. प्रोटीन साधारण दुप्पट होतं, काडी मऊ पडते. पद्धत: १०० किलो कुट्टीला ४ किलो युरिया आणि ५० लिटर पाणी. युरिया पाण्यात पूर्ण विरघळला पाहिजे, एकही खडा नको. फरशीवर किंवा जाड प्लॅस्टिकवर कुट्टीचा वीतभर थर, त्यावर झारीनं सारखं पाणी, पायानं तुडवायचं, परत थर. पन्नास लिटर पाणी शंभर किलोला बरोबर पुरेल असं आधीच वाटून घ्या, नाहीतर खालच्या थरात सगळं संपतं. मग प्लॅस्टिकनं हवाबंद झाकून कडेनं माती लावायची आणि २१ दिवस हात लावायचा नाही.

उघडल्यावर अमोनियाचा वास नाकात झणझणतो. रोजच्यापुरतं एका बाजूनं काढून तासभर मोकळ्या हवेत पसरायचं, वास गेल्यावर घालायचं. रंग तांबूस झालेला असतो. बुरशीचा भाग टाकून द्यायचा. पहिल्या दिवशी अर्धा-एक किलो नेहमीच्या कुट्टीत मिसळून आणि आठ-दहा दिवसांत वाढवत न्यायचं. सहा महिन्यांच्या आतल्या वासरांना नाही, उपाशी आणि आजारी जनावरांना नाही, घोड्या-गाढवांना नाही. आणि युरियाचं पाणी शिंपडून लगेच त्याच दिवशी घालणं म्हणजे विष घालणं. आमच्या वाडीवर एकजण युरिया कालवलेली बादली गोठ्यात ठेवून चहाला गेला, सुटलेल्या वासरानं तोंड घातलं, डॉक्टर येईपर्यंत खेळ संपला होता. मिश्रण करताना जनावरं बांधलेली पाहिजेत आणि बादली लगेच धुऊन टाकायची.

घास वाळवून ठेवणे

लसूण घास चार गुंठे जरी असला तरी हिवाळ्यात जास्तीचा वाळवून ठेवा. दहातल्या एखाद्या काडीला फूल दिसलं की कापायचा, दव उडून गेल्यावर. अर्धा दिवस उन्हात कोमेजू द्यायचा, मग सावलीत पातळ पसरून वाळवायचा. पलटायचं ते सकाळी पानं जरा मऊ असताना, दुपारी पलटलं तर पानं झडून हातात नुसत्या काड्या राहतात आणि प्रोटीन पानातच असतं. हिरवा रंग टिकला म्हणजे जमलं. गोणीत भरून अडगळीत उंचावर. ओल्या घासानं पोट फुगतं तसं वाळल्यानं सहसा फुगत नाही. दोन महिन्यांपुढच्या वासराला, कालवडीला मूठ-मूठ यातनंच द्यायचा. विण्याच्या आधीच्या दोन-तीन आठवड्यांत गाभण गाईला मात्र घास नको, त्यात कॅल्शियम जास्त, त्या काळात कडबाच बरा, नाहीतर व्यायल्यावर दुधाचा ताप येऊन गाय बसते.

डोंगरी गवताचं पण वेळेचंच आहे. फुलोऱ्यात कापलं तर चारा, कुसळं धरल्यावर कापलं तर छपराला घालायच्या लायकीचं.

शेळ्यांबद्दल थोडकं. ३० किलोच्या शेळीला दिवसाला एक-सव्वा किलो कोरडा भाग लागतो. कडब्याला त्या नाक मुरडतात, तुरीचं-हरभऱ्याचं भुसकट आवडीनं खातात. जमिनीवर टाकलेलं एकदा पाय लागलं की मेल्या तरी खाणार नाहीत, म्हणून जाळीची गव्हाण छातीच्या उंचीला टांगा किंवा पाल्याची पेंढी उलटी लटकवा.

शिल्लक मोजणे

गंजीवर मी चुन्यानं रेघा मारतो. डिसेंबरात जिथून काढायला सुरुवात केली तिथून दर महिन्याच्या शेवटी एक रेघ, म्हणजे वैरण हिशोबात चाललीय का उधळलीय ते लांबूनच दिसतं. अक्षय्य तृतीयेला मात्र खरं मोजतो. त्या दिवसापासून बांधाला कापण्याजोगं गवत यायला, म्हणजे नागपंचमीपर्यंत, पाऊस लांबेल असं समजून साधारण तीन महिने पूर्ण डोसचे धरायचे. यंदा ९० दिवस गुणिले २२ किलो म्हणजे १९८० किलो लागणार होते, म्हणजे ९०० पेंढ्या, आणि गंजीत भरल्या ७६०. एकशेचाळीस कमी. २०१९ च्या उन्हाळ्यात जून कोरडा गेला तेव्हा आमच्याकडं लोकांनी चारा छावणीला जनावरं नेऊन बांधली होती, ते डोक्यात आहे, म्हणून लगेच दुसऱ्या दिवशी काटा घेऊन गेलो आणि दोन शेकडे आणले. पेंढी १.९ ची निघाली, तेवढं भावात कापून घेतलं.